जहाजवाल्यांची रांग

पप्पांची रेकॉर्ड मला सापडली ती पेरूच्या झाडाला टांगलेली.

मी कॉलेजातून सायकलवर फिलू आत्याच्या वाडीच्या कडेनं घरी येत होते. सुतळीला बांधलेलं काहीतरी काळं, गोल, वाऱ्यावर गरगर फिरत होतं आणि ऊन लागलं की लखकन चमकत होतं. आधी वाटलं, जुना तवा असेल. मग त्याच्या मधोमध लाल कागद दिसला आणि त्या कागदावर एक पांढरी चिकटपट्टी, जखमेवर लावतात तसली. सायकल बांधावर आडवी टाकली आणि आत पळाले.

"आत्या! हे काय टांगलंयस?"

आत्यानं वांग्यांतून डोकं वर काढलं. "काय झालं बोंबलायला? पोपटांसाठी आहे ते. मेले एक पेरू धड ठेवत नाहीत."

"अगं पण ही पप्पांची रेकॉर्ड आहे!"

"मग? माझ्या भावाचीच आहे ना? जाऊनसुद्धा बहिणीच्या पेरूंची राखण करतोय बिचारा." ती हसली आणि हसता हसता तिनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं. "तुझ्या मम्मीनंच दिल्यात गं. म्हणाली, सगळ्या दोन-दोन आहेत, एकेक घेऊन जा."

मी मागं वळून पाहिलं. पेरूला, चिकूला, पार विहिरीपर्यंत, जागोजाग काळ्या तबकड्या फिरत होत्या. उन्हानं बहुतेकांच्या कडा पापडासारख्या वळल्या होत्या.

आमचं गाव वसईचं. घरात आम्ही आमची सामवेदी बोली बोलतो, पण लिहायला बसलं की शाळेतली मराठीच येते, तेव्हा इथं मी सगळ्यांना तीच बोलायला लावते आहे. आत्याच्या शिव्यांचं त्यात बरंच नुकसान झालंय. लेक पाळण्यात आहे. ती उठेपर्यंत जेवढं होईल तेवढं लिहिते.

पप्पा, बस्त्याव, मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन होते. वर्षातले दोन महिने आमचे, बाकीचे समुद्राचे. तरुणपणी त्यांची बोट अमेरिकेच्या बंदरांना लागायची, तेव्हा त्यांनी दोन रेकॉर्ड प्लेअर आणि या रेकॉर्डी आणल्या. प्रत्येक रेकॉर्ड दोनदा घेतलेली. मम्मी त्यावरून आयुष्यभर भांडली. "एकच गाणं दोन तबकड्यांवर? डाव्या कानासाठी वेगळी आणि उजव्या कानासाठी वेगळी का?" पप्पा दर वेळी तेच उत्तर द्यायचे : "एक तुझी, एक माझी." मम्मी कपाळाला हात लावायची.

मी पंधरा वर्षांची असताना पप्पा रजेवर घरी आले ते काविळीनं आजारी होऊनच. पुन्हा बोटीवर गेले नाहीत, त्या काविळीतच वारले. मम्मीनं दोन्ही प्लेअर गावच्या क्लबला दिले आणि रेकॉर्डी माळ्यावर टाकल्या. ती काळे कपडे घालायची, ते वर्षानंतर उतरले. पण बोलणं जे आत गेलं ते गेलंच. भाताला पाणी किती, चर्चची मिस्सा किती वाजता, एवढंच. माझी मम्मी जोरात हसणारी बाई होती, शेजारच्या आळीत ऐकू जाईल असं. त्या हसण्याची मी दोन वर्षं वाट पाहत होते.

त्या दिवशी मी घरी आले आणि चप्पलसुद्धा न काढता विचारलं, "मम्मी, रेकॉर्डी का दिल्यास?"

ती बोंबील निवडत होती. "त्याच्या त्याच्या दिल्या. माझ्या ठेवल्यात." हात न थांबवता म्हणाली. "आणि सगळ्यांवर पट्ट्या लावल्या होत्या. कुठंकुठं तडे गेले असतील. फुटकं सामान दोन-दोन घरात ठेवून काय करायचंय?"

मी चप्पल काढायला बाहेर गेले.

संध्याकाळी आत्याचा निरोप आला : रविवारी क्लबच्या सोशलला क्लाराला, तुझ्या मम्मीला, घेऊन ये, दोन वर्षं झाली, आता पुरे. सोशल म्हणजे वर्षातून एकदा क्लबच्या हॉलमध्ये दुपारचा नाच. सँडविच, सरबत आणि पाय सरकावे म्हणून फरशीवर शिंपडलेली टाल्कम पावडर. मम्मी म्हणाली, "येईन. बसेन."

ती कुठं बसणार ते गावात सगळ्यांना माहीत होतं. आमच्याकडे नाच म्हणजे जोडीचा. वॉल्ट्झ लागला की पुरुषानं बाईपुढं यायचं, हात पुढं करायचा, मग तिनं उठायचं. ज्यांचे नवरे समुद्रावर, त्या बायकांना कोण हात देणार? आणि कुणी दिला तर रविवारच्या मिस्सेला कुजबुज ठरलेली. म्हणून त्या खिडकीखालच्या खुर्च्यांवर बसायच्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. त्या खुर्च्यांना नावच पडलं होतं, जहाजवाल्यांची रांग. मम्मीनं लग्नानंतरची सगळी वर्षं त्या रांगेत काढली होती. पप्पा घरी असले तर उठायची. आता तर उठायचा प्रश्नच नव्हता. विधवा त्याच रांगेच्या टोकाला बसत.

मला तिला त्या खुर्चीवरून उठवायचं होतं. दुसरं काही नको होतं.

सिमाव अंकल क्लबमध्ये गाणी लावायचे. पप्पांसोबत पहिल्या बोटीवर तेही होते. नंतर बोट सोडून त्यांनी गावात मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान टाकलं. मी दुसऱ्या दिवशी आत्याकडून सोडवलेली एक तबकडी घेऊन त्यांच्या दुकानात गेले. त्यांनी ती डोळ्यांसमोर आडवी धरली आणि तोंडानं 'च्च' केलं.

"ही गेली. हिच्यावर आता भाकरी भाज." मग कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक रेकॉर्ड काढली. निळा कागद, पांढरी पट्टी. "ही वाचलीय. फिलूच्या हातातून ओढून घेतली मी, सुतळी बांधत होती तेव्हा. हिची जोडीदार घरी आहे का?"

"असेल. मम्मीनं तिच्या ठेवल्यात. पण अंकल, ही पट्टी कसली? तडा आहे?"

"तडा?" ते इतके हसले की खोकला आला. "कोण म्हणालं, क्लारा? अगं बये, ती घड्याळाच्या काट्यासारखी खूण आहे, तबकडी किती फिरली ते सांगणारी. बस इकडे."

आणि पंखे, वायरी, उघडे मिक्सर यांच्यामध्ये स्टुलावर बसून त्यांनी मला न्यूयॉर्कची गोष्ट सांगितली. बोट धक्क्याला होती. दोघं फिरत फिरत एका वस्तीत गेले, तर रस्त्यावरच नाच चाललेला. वीज विजेच्या खांबातून घेतलेली.

"पप्पा इलेक्ट्रिशियन ना, ते आधी ती वायरच बघत बसले असतील!"

"अर्धा तास! 'सिमाव, हे धोक्याचं आहे, आपण नीट जोडून देऊ या.' मी म्हटलं, चल मुकाट." अंकलांनी डोळे पुसले. "तर पोरं भिंतीला टेकून उभी. गाणं चालू, पण कुणी हलत नाही. मध्येच गाणारा गप्प झाला, बाजा थांबला, नुसते ड्रम उरले, की सगळी पोरं उड्या मारून मध्ये! कोण हातावर फिरतंय, कोण पाठीवर. तो ड्रमचा तुकडा एवढासा असतो. संपला की परत भिंतीला. पण गाणी लावणारा बिलंदर. त्याच्याकडे एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डी. एकीवरचा तुकडा संपत आला की दुसरीवर तोच सुरू करायचा, तेवढ्यात पहिली हातानं मागं फिरवून ठेवायची. मग परत ती. नाचणाऱ्यांचे पाय थांबत नाहीत तोवर तुकडा संपतच नाही. बस्त्याव बघतच राहिला. म्हणाला, बघ, हा गाणी लावत नाहीय, हा पाय बघतोय."

मला पेरूच्या झाडावर फिरणाऱ्या तबकड्या आठवल्या. जोडीतली एकच उरली की हे होणारच नव्हतं.

"मग ही, निळ्या कागदाची? हीसुद्धा तिथलीच?"

"ही शिकागोची. नंतरची." अंकलांनी रेकॉर्ड परत गुंडाळली. "तिची गोष्ट तुला नाही सांगायची. ती तुझ्या मम्मीची आहे."

"मग तिला सांगा ना!"

"बस्त्याव म्हणायचा, मीच सांगेन. सोशलमध्ये एकदा ही लावलीसुद्धा त्यानं, तुझ्या जन्माच्या आधी. म्हातारे ओरडले, नांगरटीचा ट्रॅक्टर आत आला काय? सगळा हॉल हसला. क्लारा लाजेनं लाल झाली, घरी जाऊन म्हणाली, परत हे लावाल तर बघा. मग त्यानं तोंडच उघडलं नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझे हात स्थिर आहेत का गं?"

त्या आठवड्यात कॉलेज सुटलं की मी क्लबच्या मागच्या खोलीत. माळ्यावरून मम्मीची निळी रेकॉर्ड मी आणली होती. तिला विचारलं नव्हतं. दोन प्लेअर शेजारी-शेजारी. गाण्यात एक बाई गात होती, चर्चमध्ये गातात तशी पोटातून, आणि तिच्याखाली एकसारखा ठोका, धम्, धम्, धम्, धम्, न दमणारा. मध्येच बाई थांबे आणि नुसता ठोका उरे, वर बारीक टाळी. तिथंच दोन्ही रेकॉर्डींवर पप्पांची पट्टी सुईसमोर येई. पट्टी बघायची, हातानं मागं फिरवायची, बोटानं धरून ठेवायची, दुसरी संपत आली की सोडायची. माझ्याकडून आधी सगळं घसरायचं. बाईचं गाणं अर्धवट तुटायचं, कधी दोघी एकदम ओरडायच्या. अंकल म्हणायचे, "बोट मऊ ठेव. बाळाच्या पाठीवर ठेवतेस असं समज."

तेव्हा मला बाळाची पाठ काय ठाऊक! आता रोज थोपटताना ते वाक्य आठवतं. हातही त्याच ठोक्यात पडतो.

रविवारी मम्मीनं करड्या रंगाची साडी नेसली आणि खरंच आली. खरंच त्या रांगेच्या टोकाला बसली. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. आधी वॉल्ट्झ झाले, मग जाइव्ह. जोड्या तिच्यासमोरून सरकत गेल्या. आत्या, वजन विसरून, आतोबांना ओढत तीनदा हॉलभर फिरली. मी टेबलाच्या मागं उभी. मम्मीला वाटत होतं मी अंकलांना रेकॉर्डी काढून द्यायला थांबले आहे.

"आता," अंकल म्हणाले, आणि निळी रेकॉर्ड लावली.

धम्, धम्, धम्, धम्. जोड्या गोंधळून थांबल्या. हात कुठं धरायचा, कमरेला की खांद्याला, कुणाला कळेना. मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आलाच, "आला रे, ट्रॅक्टर आला!" पण या वेळी हॉल हसला नाही, कारण माझ्याबरोबरची पोरं आधीच मध्ये घुसली होती. टीव्हीवर बघून बघून त्यांच्या पायांना हे सगळं माहीत होतं. "अंकल, नवीन आहे काय?" एकानं ओरडून विचारलं. अंकल म्हणाले, "तुझ्यापेक्षा म्हातारं आहे!" मुलं, मुली, कोण एकटं, कोण घोळक्यात. कुणी कुणाला हात दिला नाही, कुणी कुणाला उठवलं नाही. फरशीवर पहिल्यांदाच जोड्या नव्हत्या, नुसती माणसं होती.

बाई गायची थांबली. नुसता ठोका उरला. अंकलांनी एकदा दुसरी रेकॉर्ड सोडली, एकदा पहिली. मग माझ्या कानाशी वाकले. "आता तू. ती बाई परत गायला लागता कामा नये. मी सांगेपर्यंत."

"अंकल, मला एकटीला नाही जमणार!"

"बोट मऊ," म्हणाले आणि टेबल सोडून चालू लागले, थेट खिडकीकडे.

मी पट्टीवर डोळे ठेवले. मागं फिरवली, धरली, सोडली. वर बघायला मला अर्धा श्वास मिळायचा, तेवढ्यातच जे दिसलं ते दिसलं. अंकल मम्मीसमोर उभे. मम्मीची मान नाही नाही म्हणून हलतेय. परत पट्टी. अंकल शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसलेत. परत पट्टी. मम्मीनं मान खाली घातलीय.

ते काय बोलले ते मम्मीनं मला घरी जाताना सांगितलं, पण ते इथंच लिहिते.

ती म्हणाली होती, "सिमाव, तू चांगला माणूस आहेस, पण मी तुझ्याबरोबर नाचणार नाही."

"मी विचारायला आलोच नाही," अंकल म्हणाले. "एक निरोप राहिलाय, वीस वर्षं झाली. शिकागोला बोट तळ्यातून जाते, समुद्राएवढं तळं. तिथं आम्हाला एका कामगारानं एका जुन्या गोदामात नेलं. आत अंधार, घाम, आणि हे गाणं. दारू नाही, फळांचा रस. काळी माणसं, गोरी, आमच्यासारखी, पुरुष पुरुषांबरोबर, बायका बायकांबरोबर, कितीतरी एकेकटी. दारात कुणी विचारलं नाही, कुणाबरोबर आलास? आत कुणी कुणाची वाट बघत बसलं नव्हतं. बस्त्याव रात्रभर नाचला आणि बाहेर येऊन धक्क्यावर बसून रडला. मी म्हटलं, काय झालं? म्हणाला, सिमाव, मी दहा महिने बोटीवर, आणि सोशलला माझी क्लारा खिडकीखाली बसून असते. तिला नाचायला माझी गरज पडू नये असं गाणं मला सापडलंय. एक तिच्यासाठी नेतो, एक माझ्यासाठी. मी बोटीवर लावेन, ती तिथं नाचेल."

मम्मीनं विचारलं, "मग सांगितलं का नाही मला?"

"तू म्हणालीस ना, परत लावाल तर बघा."

मला टेबलामागून एवढंच दिसलं की तिनं पर्स मांडीवरून उचलली आणि शेजारच्या खुर्चीवर ठेवली.

मग ती उठली. तिच्यापुढं कुणाचाही हात नव्हता.

ती मध्यभागी गेली नाही. खिडकीजवळच उभी राहिली, डोळे मिटून, आणि आधी नुसती टाच हलली. ठोक्यावर नाही, जरा उशिरा. माझी रेकॉर्ड संपत आली होती. मागं फिरवली, धरली, सोडली. आता पाऊल. मग गुडघे. मग खांदे, ज्यांच्यावर दोन वर्षं कुणीतरी पोतं ठेवलं होतं, ते खाली आले. मी पट्टी विसरायला लागले आणि तिचे पाय बघायला लागले, आणि आश्चर्य म्हणजे हात चुकेना. तिचं पाऊल उचललं की मला कळायचं, आता सोडायची. पप्पा म्हणाले होते ते हेच. गाणी लावायची नसतात, पाय बघायचे असतात.

रांगेतली दुसरी एक बाई उठली, जिचा नवरा तेव्हा सिंगापूरला होता. मग तिची जाऊ. आत्या आतोबांना मध्येच सोडून आली आणि दोन्ही हात वर करून पोपट हाकलावेत तशी नाचू लागली. मम्मीनं डोळे उघडले, तिला पाहिलं, आणि हसली. जोरात. ठोक्याच्या वरून ते हसणं माझ्यापर्यंत आलं.

माझी बोटं दुखत होती. अंकल काही सांगत नव्हते, भिंतीला टेकून चष्मा पुसत होते. मी फिरवत राहिले. मला भीती वाटत होती, हा तुकडा संपला, ती बाई गायला लागली, की मम्मी परत जाऊन बसेल.

शेवटी तीच टेबलाशी आली. केस कपाळाला चिकटलेले, साडीच्या काठाला पावडर. तिनं दोन निळ्या रेकॉर्डी पाहिल्या, एक पुढं फिरणारी, एक माझ्या बोटाखाली थांबलेली. पट्ट्या पाहिल्या. माझ्या बोटाखालच्या पट्टीवरून तिनं अंगठा फिरवला.

"ही त्याची ना?"

मी मान हलवली.

"तडा नाहीच," ती म्हणाली. आणि मग, तिच्या जुन्या आवाजात : "किती वेळ त्या बाईचं तोंड दाबून धरणार आहेस गं? गाऊ दे आता तिला."

मी बोट उचललं.

त्यानंतर अंकल दर सोशलला निळी रेकॉर्ड लावत राहिले. नंतर नंतर मीही लावायची. आत्यानं उरलेल्या तबकड्या झाडांवरून उतरवल्या, एकही वाजण्यासारखी नव्हती, तरी मम्मीनं सगळ्या धुऊन माळ्यावर ठेवल्या. अंकल तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांचा फेल्टचा कपडा, रेकॉर्ड पुसायचा, माझ्याकडे आहे.

माझा नवराही बोटीवरच आहे. आमच्या गावात दुसरं कोण मिळणार! सध्या ब्राझीलच्या वाटेवर. गेल्या महिन्यात सोशल होता. खिडकीखाली खुर्च्या अजून आहेत, पण तिथं आता पर्सा ठेवतात, स्वेटर ठेवतात, झोपलेली मुलं ठेवतात. मी लेकीला दोन खुर्च्या जोडून निजवलं आणि शेजारी बसले. ती उठली तर, या विचारानं तिच्या पोटावर हात ठेवून होते. ठोका सुरू झाला तसा माझा हात आपोआप तिला थोपटू लागला.

मम्मी नाचता नाचता आली, घामानं भिजलेली. तिनं माझा हात उचलून बाजूला केला आणि आपला ठेवला.

"जा," ती म्हणाली. "मी बसते इथं."